करंगळीचं गाऱ्हाणं

शहापूर-मुरबाडकडे दुखण्यालाही पत लागते. साप चावला तर अख्खा पाडा गोळा होतो. मुतखड्याला वेगळाच मान. पडलेला खडा कागदाच्या पुडीत जपून ठेवता येतो आणि पाहुणे आले की चहाबरोबर दाखवता येतो. पोटाचं ऑपरेशन करून आलेला माणूस सदरा वर करून टाके दाखवतो, आणि पुढचं वर्षभर लग्नाच्या मांडवात त्याला आपसूक खुर्ची मिळते. हल्ली शुगरवाल्यांनीही बरंच नाव कमावलंय. पण कुणाला सांगून बघा, ‘माझी करंगळी बधिर झालीय.’ ऐकणारा जरा थांबतो. पुढे आणखी काही असेल, या आशेने थांबतो. काही नाही असं कळलं की विचारतो, ‘दुखते का?’ नाही म्हटलं की, ‘मग झालं तर!’ आणि तो पावसावर बोलायला लागतो.

हे ‘दुखत नाही ना, मग झालं तर’ म्हणजेच या रोगाचं भांडवल. कोपरापाशी नस दबली की ती सहसा बोंब मारत नाही. करंगळीत मुंग्या येतात, शेजारच्या अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात. अर्ध्याच. त्या बोटाची मधोमध हद्द ठरलेली असते: करंगळीकडची बाजू या नसेची, पलीकडची दुसरीची. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, माणूस कूस बदलून झोपतो. असं वर्ष-दोन वर्षं चालतं. तोवर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातलं मांस झडून तिथे खळगा पडलेला असतो. तो दिसला की माणूस म्हणतो, वय झालं.

आमच्या गुरुजींचं असंच झालं. किन्हवली आणि सरळगाव यांच्या मधल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्यांची हयात गेली. गुरुजी छडी वापरत नसत. गरजच नव्हती. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात कानाची पाळी धरून ते असा चिमटा काढत, की पाढे आपोआप बाहेर पडत. एकोणतीसचा पाढा या भागात अजून लोकांना येतो तो त्या चिमट्याच्या पुण्याईने. आजचे सरपंच, दोन कंडक्टर, एक फौजदार आणि मी, अशा सगळ्यांचे कान त्यांच्या हाताखालून गेलेत. निवृत्तीनंतर गुरुजींनी हे काम नातवंडांपुरतं चालू ठेवलं होतं. आणि एके दिवशी चिमटा चालू असताना नातू हसायला लागला. म्हणाला, ‘आजोबा, गुदगुल्या होतायत.’

घर चिडीचूप झालं. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. गुरुजींनी दुसरा कान धरून पाहिला. तिथेही गुदगुल्याच.

चिमटा हा वरवर अंगठ्याचा खेळ वाटतो, पण त्याची दोरी असते कोपराच्या मागे. हाताच्या पंजात वीसेक बारीक स्नायू आहेत. त्यांतले पंधराच्या आसपास या एकाच नसेवर चालतात. अंगठा तर्जनीकडे दाबणारा स्नायू तिचाच आणि तर्जनीला भक्कम उभी ठेवणाराही तिचाच. मानेतून निघून ही नस दंडातून खाली येते आणि कोपराच्या आतल्या बाजूला जे टेंगूळ हाताला लागतं त्याच्या मागच्या खाचेतून पुढे जाते. तिथे तिच्यावर मांस नाही, चरबी जेमतेम. वर एक चिवट पट्टी आणि कातडी, संपलं. बाकेच्या कडेवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ती हीच. कोपर वाकवलं की वरची पट्टी ताणते, खालचा बोगदा अरुंद होतो, आणि नसेला काही मिलिमीटर लांब व्हावं लागतं. ब्रह्मदेवाने बाकीचे महत्त्वाचे अवयव बरगड्यांत आणि कवटीत कडीकुलपात ठेवले. ही एक नस मात्र घाईच्या वेळी दाराबाहेर राहिलेली दिसते.

करंगळीची बाजू गुरुजी हिरिरीने मांडतात. ‘गोवर्धन उचलायची वेळ आली तेव्हा देवाने कुठलं बोट पुढे केलं?’ असं ते विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता म्हशाच्या यात्रेवर येतात. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि तिथला बैलबाजार प्रसिद्ध आहे. जुने दलाल भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या गर्दीला चेहरे दिसतात, भाव दिसत नाही. गुरुजी सांगतात, की अशाच एका दलालाची करंगळी बधिर झाली. समोरच्याने पाच बोटं दाबली तरी याला चारच पोचायची. बैल स्वस्तात मिळाला म्हणून तो खुशीत घरी जायचा आणि पैसे द्यायच्या वेळी जुंपायची. प्रत्येक वेळी तो शपथेवर खरं बोलला आणि प्रत्येक वेळी त्याने मार खाल्ला. ही गोष्ट घडलेली की गुरुजींनी रचलेली, हे विचारायची आमची अजूनही छाती नाही.

चिमटा गेला ही बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. शेजारच्या आजीने सांगितलं, वारा शिरलाय. नस उतरवणारी बाई आली. तिने गरम तेल लावून दंडापासून बोटांपर्यंत असं काही रगडलं, की करंगळीऐवजी आख्खा हात बधिर झाला आणि ती ‘आता समसमान झालं’ म्हणून गेली. निवृत्त कंडक्टरांचं मत मानेच्या मणक्यावर होतं. त्यांच्या स्वतःच्या मानेला पट्टा होता आणि त्यांना सोबत हवी होती. (अगदीच अडाणी मत नव्हतं, मानेत दबलेली नसही करंगळीपर्यंत कळवते.) एका डॉक्टरांनी लाल इंजेक्शन दिलं. बी-बाराचं इंजेक्शन लाल असतं, आणि आमच्याकडे इंजेक्शनाचा गुण रंगावर ठरतो. पांढरं तापाचं, लाल ताकदीचं. गुरुजींनी लाल इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स केला. चेहऱ्यावर थोडा तजेला आला, करंगळी जिथल्या तिथे.

फक्त काकू सुरुवातीपासून एकच म्हणत होत्या: ‘रात्री हात दुमडून उशीखाली घेता, तो आधी सरळ ठेवा.’ पुढे मुंबईत मोठ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं. रात्री कोपर सरळ राहावं म्हणून टॉवेल गुंडाळा, कडेवर टेकू नका, फोन तासन्‌तास कानाला लावून बसू नका. सुरुवातीच्या अवस्थेत कित्येकांचं एवढ्यावर भागतं, ऑपरेशनची पाळी येत नाही. डॉक्टर हे बोलत असताना काकू माझ्याकडे बघत होत्या. गुरुजी छताकडे बघत होते.

पण मुंबई नंतर. आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी गुरुजींना पाहिलं. त्यांनी केसपेपरच घडी करून गुरुजींच्या अंगठा-तर्जनीत दिला. ‘सोडायचा नाही हं, मी ओढते.’ गुरुजींच्या मागे दारापर्यंत रांग होती. केसपेपर गेला म्हणजे नंबर गेला, ही धास्ती कुठल्याही सरकारी दवाखान्यातली. त्यांनी जीव खाऊन धरला. डावा हात सरळ बोटांनी पकडून राहिला. उजव्या अंगठ्याचं टोक मात्र काटकोनात वाकलं, आणि तरी कागद बाईंच्या हातात गेला. दाबणारा स्नायू दुबळा झाला की अंगठा असं टोक वाकवून दुसऱ्या नसेच्या स्नायूकडून उसनवारी करतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जूल्स फ्रोमां या फ्रेंच डॉक्टरने ही खूण सांगितली. तो वर्तमानपत्र धरायला द्यायचा. शंभरावर वर्षं झाली, नवी यंत्रं आली, पण कागद ओढण्याला पर्याय निघालेला नाही.

मग बाईंनी विचारलं, ‘अंगावर कुठे चट्टा आहे का? फिकट, लालसर, स्पर्श न कळणारा?’ आणि त्या कोपराच्या वर चाचपून नस जाड झालीय का ते बघू लागल्या.

गुरुजींचा चेहरा उतरला. हा प्रश्न कशाचा, ते त्यांना चांगलं माहीत होतं. दर ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निर्मूलनाचं भाषण शाळेत तेच करायचे. ‘मुलांनो, हा रोग जंतूंमुळे होतो. शाप नाही, पाप नाही. औषध मोफत आहे आणि तो पूर्ण बरा होतो. रोग्याला दूर लोटू नका.’ आम्हाला ते पाठ होतं, पाढ्यांइतकंच. आता तेच गुरुजी खुर्चीत चोरासारखे बसून कुजबुजले, ‘अरे, बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना?’ भाषण आणि खुर्ची यांत हे एवढं अंतर असतं.

बाई चुकल्या नव्हत्या. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आरोग्यसेवक आणि आशाताई घरोघर फिरून चट्टे शोधतात. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो, आणि कातडीलगत, वाऱ्यावर पडलेली ही कोपरातली नस त्याची लाडकी. करंगळी बधिर, नस जाड, असा माणूस आपल्याकडे आला तर आधी तेच बघायचं असतं. वेळीच गोळ्या मिळाल्या तर नस वाचते, आणि काहींना सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड, क्वचित नस मोकळी करायचं ऑपरेशनही लागतं. वाकडी पडलेली बोटं सरळ करायच्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग भारतातच घडला. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला १९४०च्या दशकाच्या अखेरीला बोटांचे स्नायुबंध बदलून लावायला सुरुवात केली. आपल्या मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरी शिकली हॅरॉल्ड गिलीजसारख्या विलायती गुरूकडे आणि ती वापरली कुष्ठरुग्णांच्या हातांवर अन् चेहऱ्यांवर. पुढे ते सर्जरीतून खेड्यातल्या आरोग्याकडे वळले आणि म्हणू लागले, की खेड्यातले निम्म्याहून अधिक आजार गावातली शिकवलेली बाईच सांभाळू शकेल. काकूंना हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘शिकवायचं तरी कशाला?’

चट्टा नव्हता, नस जाड नव्हती. बाईंनी दोन्ही कोपरं सरळ करायला लावली आणि त्या एकदम थांबल्या. उजवा हात कोपरातून बाहेरच्या बाजूला झुकलेला. ‘लहानपणी झाडावरून पडला होता का?’

गुरुजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच चहाडी केली असावी. पडले होते. आठव्या वर्षी, दुसऱ्याच्या आंब्यावरून. मालक येताना दिसला म्हणून घाईत उतरले आणि कोपरावर आले. घरी सांगायची सोय नव्हती; सांगितलं तेव्हा कोपर भोपळ्याएवढं झालं होतं. हाडवैद्याने अंड्याचा बलक, हळद आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. हात बरा झाला. वाकडा झाला, पण त्याने काही अडलं नाही. उलट फळ्यावर लिहायला तो बरा, असं गुरुजींचं म्हणणं.

क्ष-किरणात सगळं निघालं. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा तुकडा तेव्हा सांधलाच नव्हता. वाढत्या वयात ती बाजू मागे पडली, हात बाहेर कलला आणि आतल्या वळणावरची नस प्रत्येक वेळी कोपर वाकवताना ताणत राहिली. अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिने तक्रार केली नाही. मग केली. झाडावरून पडल्यावर इतक्या वर्षांनी करंगळी का झोपते याचं वर्णन पॅरिसमध्ये पानास नावाच्या डॉक्टरने १८७८ मध्ये करून ठेवलंय. त्यामुळे आंब्याच्या मालकाने दिलेला शाप हे गावातलं निदान तसं चूक नाही. फक्त मधली पायरी वैद्यकीय आहे.

नसेचा वेग मोजायची तपासणी कल्याणला झाली. बारीक बारीक शॉक देतात आणि संदेश किती वेगाने पोचतो ते यंत्र सांगतं. निरोगी नसेत तो सेकंदाला पन्नास मीटरच्या वर जातो. गुरुजींचा मनगटाकडे ठीक होता, कोपर ओलांडताना मात्र तिसावर यायचा. गुरुजींनी तिथल्या तिथे गणित केलं. पन्नास मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर, तीस म्हणजे १०८. ‘म्हणजे दबलेल्या अवस्थेतही मी कल्याण-मुरबाड एसटीच्या दुप्पट आहे,’ असं म्हणून ते उठायलाच लागले. तंत्रज्ञाने त्यांना खांद्याला धरून पुन्हा झोपवलं. डावा हात राहिला होता.

ऑपरेशन मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात करायचं ठरलं. आमच्याकडून मुंबईला जाणं म्हणजे आधी जीप, मग आसनगावहून लोकल. जीपच्या खिडकीवर कोपर टेकवून बसलेला ड्रायव्हर, शेजारी डॅशबोर्डवर कोपर टेकवून बसलेला दुसरा, मागे मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कोपर घेऊन बसलेले आठ. लोकलमध्ये तर डबाच्या डबा कोपरं दुमडून, फोन नाकाशी धरून उभा. एकदा ही नस डोक्यात शिरली की माणसाला माणसं दिसेनाशी होतात, कोपरं दिसतात. एसटीत हात खिडकीबाहेर काढू नका असं लिहिलेलं असतं. महामंडळाने आजवर किती करंगळ्या वाचवल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सर्जन शांत गृहस्थ होते. त्यांनी कागदावर कोपर काढून दोन वाटा दाखवल्या. पहिली सोपी. आतल्या बाजूला काही इंचांचा छेद घ्यायचा, नसेवरची ती चिवट पट्टी कापायची, वरखाली जिथे जिथे आवळतंय तिथे मोकळं करायचं आणि नस तिच्या जागीच ठेवायची. जॉफ्री ऑस्बोर्न या इंग्रज सर्जनने १९५७ मध्ये या पट्टीवर बोट ठेवलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. दुसरी वाट मोठी. नस खाचेतून उचलून कोपराच्या पुढच्या बाजूला नेऊन बसवायची, म्हणजे कोपर वाकवलं तरी ती ताणणार नाही. साध्या रुग्णात दोन्हींचा गुण जवळपास सारखाच येतो, असं तुलना करून पाहणाऱ्यांना आढळलंय, आणि हलवण्यात जखमेच्या कटकटी जास्त. म्हणून बहुतेकांना पहिलीच वाट. पण गुरुजींचं कोपरच वाकडं. नस जुन्या जागी ठेवली तर ताण तसाच. हलवावी लागणार.

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. अतिक्रमण हटवून जागच्या जागी राहू देणं आणि मूळ जागेवरून उठवून पुनर्वसन करणं, यांतला फरक आम्ही भातसा धरणापासून ओळखून आहोत. धरणाचं पाणी मुंबईला जातं, धरणाखाली गेलेल्या गावांचे कागद अजून कचेरीत आहेत, आणि उन्हाळ्यात तालुक्यात टँकर फिरतात. त्यामुळे गुरुजींनी सर्जनना विचारलेला प्रश्न त्यांच्या आजवरच्या कारकिर्दीत कुणी विचारला नसावा. ‘नव्या जागी पाण्याची सोय काय?’

सर्जन क्षणभर बावरले. मग त्यांना उमगलं आणि त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, की नसेबरोबर धावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या शक्य तितक्या सोबतच नेतात, कारण पाणी तुटलं तर नवी जागा कितीही चांगली असो, नस तिथे सुकते. शिवाय नव्या वाटेत कुठे कोन पडणार नाही, आधीचं आवळणं जाऊन नवं आवळणं उभं राहणार नाही, हेही पाहायचं. गुरुजींनी समाधानाने मान हलवली. ‘तुम्ही भातसाच्या वेळी असायला हवे होतात,’ ते म्हणाले.

गुरुजींच्या अंगावर चरबी नावालाही नाही. कातडीखाली नुसती ठेवली तर नस पुढच्या बाजूलाही उघडीच पडली असती, म्हणून ती स्नायूखाली सरकवायचं ठरलं. ही पद्धत जेम्स लर्मंथ या स्कॉटिश सर्जनने १९४२ मध्ये मांडली. याच लर्मंथने १९४९ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी ऑपरेशन केलं, तेही बकिंगहॅम राजवाड्यात. सर्जरीचं सगळं सामान राजाच्या घरी गेलं. गुरुजींनी ही हकिगत ऐकून आसनगावच्या जिन्याचा विचार केला असावा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

भूल हातापुरतीच होती. गळपट्टीच्या हाडाच्या वर इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने हात परका झाला. दंडावर हवेचा पट्टा आवळला, म्हणजे कापताना रक्त येऊन काही झाकू नये. पडद्यापलीकडे काम चालू आणि अलीकडे गुरुजी टक्क जागे. पडद्यामागून शिकाऊ डॉक्टरचा आवाज आला: नस दबलेल्या जागी चपटी आहे, तिच्या वर सुजली आहे. सर्जनने त्याला विचारलं, या छेदाजवळून कातडीची कुठली बारीक नस जाते? पोरगा गप्प. तिला धक्का लागला तर व्रणच पुढे ठणकत राहतो, म्हणून ती जपायची असते. पण त्या वेळी त्याला नाव आठवेना. पडद्याअलीकडे गुरुजींचं चित्त पार विचलित झालं. विद्यार्थी उत्तराविना उभा, त्याचा कान हाकेच्या अंतरावर, आणि आपला उजवा हात नेमका आजच कामाला नाही.

घरी आल्यावर गुरुजींना प्रथमच पत मिळाली. आता टाके होते. गळ्यात अडकवलेला हात होता. लोक बिस्किटांचे पुडे घेऊन आले. अडचण एकच होती: जखम कोपराच्या आतल्या बाजूला, आणि कोपर पट्टीत. टाके काढल्यावरही ती दाखवायची तर गुरुजींना हात डोक्यावर नेऊन असा पिळावा लागे, की बघणाऱ्याला वाटे गुरुजी शाबासकी स्वतःलाच देतायत.

आणि मग प्रत्येक जण तोच प्रश्न विचारू लागला. ‘काय गुण आला?’ मुंग्या लवकर कमी झाल्या होत्या. पण मुंग्या गेल्या याचं कौतुक कुणाला? चिमटा अजून गुदगुल्यांचाच होता. महिने गेले तशी करंगळी आणि अनामिका उलट थोड्या जास्तच आत वळलेल्या दिसू लागल्या. गाव म्हणालं, बिघडवून ठेवला हात. वास्तविक हे सुधारल्याचं लक्षण. कोपरापासून वाढत येणारी नस आधी बोटं दुमडणाऱ्या वरच्या स्नायूला पोचते आणि त्याला जोर येतो. बोटं सरळ ठेवणारे पंजातले बारीक स्नायू लांब असतात, त्यांची पाळी शेवटी. काही रुग्णांत मधला काळ असा येतो, की बरं होणारा हात बिघडलेल्या हातापेक्षा वाईट दिसतो. हे मी कट्ट्यावर समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि बिस्किटं बंद झाली.

नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. सर्जनांनी हे सांगितलं आणि गुरुजींतला शिक्षक जागा झाला. कोपरापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत त्यांनी फूटपट्टीने मोजलं: सत्तावीस सेंटिमीटर. म्हणजे २७० दिवस, थोडं इकडेतिकडे. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा केल्या. मनगट अमुक तारखेला, तळहात तमुक तारखेला. रोज सकाळी चहाआधी ते हातावर बॉलपेनने एक बारीक रेघ पुढे सरकवत. काकू रोज अंघोळीच्या पाण्याबरोबर तिची वासलात लागलेली बघत. सर्जनांनी बजावलं होतं, की खळगा पडेपर्यंत वाट बघितलेली असल्याने सगळा जोर परत येईलच असं नाही; स्नायू फार काळ नसेविना राहिला की नस पोचूनही उपयोग नसतो. गुरुजींना हेही पटलं. मुरबाडला रेल्वे येणार हे ते स्वतः शाळेत असल्यापासून ऐकत आलेत. प्रत्येक निवडणुकीत मुरबाडकरांच्या कोपराला तो गूळ लागतो. ‘रोज एक मिलिमीटर रूळ जरी टाकले असते,’ ते म्हणाले, ‘तरी आज काहीतरी दाखवायला असतं.’

आता गुरुजी बरे आहेत. म्हणजे चिमटा पूर्वीचा नाही. नातू ओरडतो, पण त्यात भीतीपेक्षा आदर जास्त असतो. तरी त्यांना नवीन काम मिळालंय. सकाळी फेरीला निघाले की ते कोपरं तपासतात. गवताच्या वखारीतला कारकून गल्ल्यावर कोपर टेकून बसला की त्याला उठवतात. पारावर फोन कानाला लावून पोर बसलं असेल तर आधी ‘हात बदल’ म्हणतात, मग नाव विचारतात. ज्या करंगळीला कुणी विचारत नव्हतं, तिच्याबद्दल नाक्यावर आता मतभेद होऊ लागलेत.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांसाठी मिळून एक वर्तमानपत्र येतं. गुरुजींनी तिथे फ्रोमांची परीक्षा चालू केली. एकाने एक कड धरायची, दुसऱ्याने दुसरी, आणि ओढायचं. अंगठ्याचं टोक कुणाचं वाकतंय ते बाकीच्यांनी बघायचं. पहिल्याच दिवशी निवृत्त कंडक्टर आणि सरपंच समोरासमोर आले. दोघांच्याही नसा ठणठणीत निघाल्या, कारण पेपर राशिभविष्याच्या मधोमध फाटला. कन्या राशीपर्यंतचं कंडक्टरांकडे गेलं, तूळ राशीपासून पुढचं सरपंचांकडे. टपरीवाल्याची रास वृश्चिक. त्याने काही न बोलता दुसऱ्या दिवशी फळीवर खडूने लिहिलं: ‘पेपर वाचून घडी घालून ठेवावा. ओढून बघू नये.’